चित्राचे मोल: जुन्या ठशापासून विकतच्या छायाचित्रापर्यंत

रत्नागिरीच्या हापूसचा भर हंगाम एप्रिल-मे महिन्यांतला. पण पेटीवर चिकटवायचे लेबल, खोक्याची छपाई, गिऱ्हाइकांना पाठवायची पत्रके ही कामे त्याच्या कितीतरी आधी, झाडावर अजून मोहोर असतानाच उरकावी लागतात. त्या दिवसांत छायाचित्र काढायला पिकलेला आंबा मिळत नाही. मग लेबलाची मांडणी करणारा डिझायनर संगणकावर चित्रांच्या एखाद्या जागतिक साठ्यात शिरतो आणि ‘मँगो’ असा शब्द टाकून शोधतो. समोर येणाऱ्या शेकडो आंब्यांत लाल गालांचे, चकचकीत आंबे भरपूर असतात. त्यांतले पुष्कळसे ‘टॉमी ॲटकिन्स’ जातीचे किंवा तिच्या भावंडांचे. ही जात फ्लोरिडातली. लांबचा प्रवास सोसते म्हणून अमेरिकेच्या बाजारात वर्षानुवर्षे तिचेच राज्य आहे. हापूस पिकला की केशरी-पिवळा होतो, उन्हाच्या बाजूला फार तर थोडी लाली येते, आणि पायरीसारखी ठळक चोच त्याला नसते. कोकणातले शेंबडे पोरही हा फरक सांगेल. तरी ‘अस्सल रत्नागिरी हापूस’ या अक्षरांखाली परका आंबा छापला जातो.

हे अज्ञानातून होते असे म्हणून प्रश्न सुटत नाही. हाताशी असलेला वेळ, कामाचे मिळणारे पैसे आणि साठ्यात काय सापडते, या तीन गोष्टी मिळून ते चित्र ठरते. साठ्यातल्या चित्राची, म्हणजे ज्याला आज सगळेच ‘स्टॉक इमेज’ म्हणतात तिची, किंमत नेमकी कशाची असते, ती कोण भरतो आणि स्वस्त चित्र शेवटी कोणाला महाग पडते, याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपल्याकडचा जुना साठा

तयार चित्रांचा साठा ही संगणकाने आणलेली गोष्ट नव्हे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात प्रत्येक छापखान्यात एक खण ठशांचा असे. गणपती, कलश, स्वस्तिक, सनई-चौघडा, नारळ, वेलबुट्टी. लग्नपत्रिका कुठल्याही घरची असो, गणपती तोच. मुंबईच्या निर्णयसागर किंवा गुजराती टाइप फाउंड्रीसारख्या ओतशाळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर नक्षीचे तुकडेही ओतून विकत आणि त्यांच्या नमुनावह्या गावोगावच्या छापखान्यांत ठेवलेल्या असत. एकोणिसाव्या शतकात ‘जगन्मित्र’सारखा छापखाना असलेल्या रत्नागिरीलाही हा व्यवहार परका नव्हता.

या व्यवहाराचे अर्थशास्त्र सरळ होते. ठसा एकदा विकत घेतला की तो झिजेपर्यंत आपला. किती प्रती छापल्या, कोणासाठी छापल्या, याचा हिशेब ओतशाळा मागत नसे. पैसा मोजला जाई तो धातूचा आणि घडणावळीचा. खास चित्र हवे असेल तर मात्र ब्लॉक करून घ्यावा लागे आणि ब्लॉकमेकर चौरस इंचावर दर लावी. चित्र मोठे करायचे की लहान, हा निर्णय त्यामुळे सौंदर्याइतकाच खिशाचाही असे. जुन्या मासिकांत लेखकाचा फोटो टपाल तिकिटाएवढा का दिसतो, याचे एक कारण या दरात आहे.

चित्रातल्या हक्काला स्वतंत्र किंमत असते, हे आपल्याकडे ठळकपणे दिसले ते राजा रविवर्म्याच्या छापखान्याच्या वेळी. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्जाच्या ओझ्यामुळे विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, तेव्हा यंत्रांबरोबर चित्रे छापण्याचे हक्कही त्याला मिळाले. यंत्र जुने होते, हक्क चालू राहतो. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती मग देवघरात, दिनदर्शिकेवर, आगपेटीवर, कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या लेबलांवर पोचल्या. एकच चित्र अनेक गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा विकण्याची आजच्या साठ्यांची रीत तेव्हाच आपल्या डोळ्यांसमोर चालू होती.

याच्या उलट टोकाचे उदाहरणही मुंबईतलेच. हाजी महंमद अल्लारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये ‘वीसमी सदी’ हे गुजराती सचित्र मासिक काढले. प्रत्येक अंकासाठी नवी चित्रे करून घ्यायची, हा त्यांचा हट्ट. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर त्यांच्या चित्रकारांपैकी एक. चित्रांवरचा खर्च वर्गणीतून कधी भरून आला नाही. हाजींनी घरचा पैसा त्यात घातला आणि १९२१ मध्ये त्यांच्या निधनाबरोबर मासिकही थांबले. मराठी दिवाळी अंकांनी मधला रस्ता काढला. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, पुढे दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी अंक ओळखले जाऊ लागले. आत चित्र कमी असले तरी चालेल, पण मुखपृष्ठ खास करून घेतलेले हवे, हा तो हिशेब होता. तो हिशेब ज्या वर्षी सुटतो, त्या वर्षी अंकाच्या मुखपृष्ठावर साठ्यातली पणती येते आणि तीच पणती शेजारच्या बँकेच्या शुभेच्छापत्रावरही दिसते.

एका डॉलरची क्रांती

पाश्चात्त्य देशांत छायाचित्रांच्या साठ्याचा धंदा शंभर वर्षांहून जुना आहे. फिलाडेल्फियात एच. आर्मस्ट्राँग रॉबर्ट्स यांनी १९२० मध्ये सुरू केलेली संस्था त्यांतली आद्य मानली जाते. हिटलरच्या जर्मनीतून दोन ट्रंका भरून चित्रे घेऊन न्यूयॉर्कला आलेल्या ऑटो बेटमन यांचा संग्रहही प्रसिद्ध आहे. १९९५ मध्ये तो बिल गेट्स यांच्या ‘कॉर्बिस’ने विकत घेतला. त्याच वर्षी ‘गेटी इमेजेस’चा पाया घातला गेला आणि विखुरलेले संग्रह मोठ्या भांडवलाच्या हाती जाऊ लागले.

तोपर्यंतची रीत अशी: चित्र कुठे वापरणार, कोणत्या आकारात, किती प्रती, कोणत्या देशात, किती महिने, हे सांगायचे आणि त्यावर भाव ठरायचा. एका वापराचे शेकडो डॉलर पडत. २००० मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ‘आयस्टॉक’ सुरू झाले. आधी डिझायनर मंडळी तिथे चित्रांची नुसती अदलाबदल करीत. मग नाममात्र आकार घेण्यात येऊ लागला. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले होते आणि हौशी छायाचित्रकारांना आपले चित्र विकले जाते याचेच अप्रूप होते.

‘वायर्ड’ मासिकाने २००६ मध्ये सांगितलेली एक घटना या बदलाचे मर्म दाखवते. वॉशिंग्टनच्या एका आरोग्यविषयक संग्रहालयाला आजारी माणसांची छायाचित्रे हवी होती. एका व्यावसायिक छायाचित्रकाराने सवलत देऊन प्रत्येकी १०० ते १५० डॉलर सांगितले. चार चित्रांचा सौदा होणार होता. तेवढ्यात संग्रहालयाला आयस्टॉक सापडले आणि त्याने साधारण एकेक डॉलरला ५६ चित्रे घेतली. ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द जगापुढे आला तो याच लेखातून. त्याच वर्षी गेटीने आयस्टॉक ५ कोटी डॉलरना विकत घेतले. २००३ मध्ये निघालेल्या ‘शटरस्टॉक’ने तर मासिक वर्गणीची पद्धत रूढ केली आणि चित्राला सुटी किंमतच उरली नाही. आपल्याकडे संदीप माहेश्वरी यांनी २००६ मध्ये ‘इमेजेसबाजार’ सुरू करून भारतीय चेहऱ्यांचा साठा उभा केला, कारण परक्या साठ्यांत भारतीय कुटुंब शोधून सापडत नसे.

गिऱ्हाइकाचा खर्च असा घटला. छायाचित्रकाराच्या वाट्याला काय आले, तेही पाहिले पाहिजे. जून २०२० पासून शटरस्टॉकने छायाचित्रकाराचा वाटा १५ ते ४० टक्के अशा पायऱ्यांनी ठरवला आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाला पुन्हा पहिल्या पायरीवर आणून बसवले. वर्गणीतून उतरवलेल्या एका चित्रामागे काही सेंट हाती पडतात. आरे-वारेच्या किनाऱ्यावर पहाटेपासून उभे राहून काढलेल्या छायाचित्राचे एवढेच मिळणार असेल, तर रत्नागिरीचा छायाचित्रकार तिकडे न वळता लग्नाच्या ऑर्डरी घेईल यात नवल नाही. साठ्यात कोकण विरळ का, याचे उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

परवान्यात काय मिळते

विकतच्या चित्राबाबत सगळ्यांत मोठा गैरसमज ‘रॉयल्टी-फ्री’ या शब्दाचा. याचा अर्थ फुकट असा नाही. एकदा पैसे भरले की पुढच्या प्रत्येक वापराला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. चित्र आपल्या मालकीचे होत नाही. वापरण्याचा परवाना मिळतो आणि त्याला अटी असतात.

बहुतेक मोठ्या साठ्यांच्या साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा ५ लाख असते. गावातल्या व्यवसायाला ही मर्यादा कधी आडवी येत नाही. आडव्या येतात त्या बाकीच्या अटी. चित्र बोधचिन्हात वापरता येत नाही. ज्या वस्तूचे मोलच चित्रात आहे, म्हणजे विक्रीचा कॅलेंडर, भिंतीवरचे पोस्टर, कप, टी-शर्ट, तिच्यासाठी विस्तारित परवाना लागतो आणि तो कितीतरी महाग असतो. ‘एडिटोरियल’ असा शिक्का असलेले चित्र बातमीला किंवा लेखाला चालते, जाहिरातीला नाही; कारण त्यातल्या माणसाची वा खासगी जागेच्या मालकाची संमती घेतलेली नसते. मिरकरवाडा बंदरावर मासळी विकणाऱ्या बाईचे छायाचित्र लेखाशेजारी छापणे आणि तेच मसाल्याच्या पाकिटावर छापणे, यांतला फरक हाच.

आणखी एक गोम. डिझायनरने आपल्या वर्गणीतून उतरवलेले चित्र एका गिऱ्हाइकासाठी वापरले आणि पुढे तेच दुसऱ्याच्या कामात घातले, तर अनेक साठ्यांच्या नियमांनी नवा परवाना लागतो. मित्राच्या खात्यातून उतरवलेल्या चित्राचा परवाना मित्राच्या नावाचा असतो. शोधयंत्रात दिसलेले चित्र उचलून घेतले तर परवाना कसलाच नसतो.

कायदा काय म्हणतो

भारतात हा विषय कॉपीराइट कायदा, १९५७ याखाली येतो. परवानगीवाचून जाणूनबुजून केलेल्या वापराला कलम ६३ प्रमाणे ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. प्रत्यक्षात कैदेपर्यंत प्रकरण क्वचित जाते. आधी येते ती पैशांची मागणी करणारी नोटीस, कारण चित्रावरून चित्र शोधण्याचे काम आता यंत्र करते आणि रत्नागिरीच्या निवासगृहाचे संकेतस्थळही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

मुदतीचा नियम समजून घेण्याजोगा आहे. चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या चित्रावर हक्क राहतो. त्या हिशेबाने रविवर्मा (मृत्यू १९०६) आणि धुरंधर (मृत्यू १९४४) आता सर्वांचे आहेत. दलाल १९७१ मध्ये गेले, त्यांची चित्रे २०३१ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. मुळगावकर १९७६ मध्ये गेले, त्यांची २०३६ अखेरपर्यंत. जुने मुखपृष्ठ उचलून नव्या अंकावर छापण्याआधी हे गणित करावे. छायाचित्रांना पूर्वी प्रसिद्धीनंतर ६० वर्षे एवढाच काळ होता. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम वगळले आणि छायाचित्रकारालाही चित्रकाराचाच नियम लागू झाला. पण १९५० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांचा हक्क तोवर संपलेलाच होता. १९१६ मध्ये रत्नागिरीत वारलेल्या थिबा राजाची त्या काळात छापली गेलेली छायाचित्रे म्हणूनच आज मोकळी आहेत.

वास्तूंबाबत आपला कायदा उदार आहे. कलम ५२ नुसार इमारतीचे आणि सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा हक्कभंग नाही. १९१० मध्ये पुरा झालेला थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान, रत्नदुर्गावरचे दीपगृह यांचे छायाचित्र कोणीही काढावे. दुसऱ्याने काढलेले उचलता मात्र येत नाही.

खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे कलम १७. मोबदला देऊन कोणाकडून छायाचित्र काढून घेतले आणि उलट करार केला नाही, तर हक्काचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. साठ्याला पैसे देऊन नुसता परवाना मिळतो. गावातल्या छायाचित्रकाराला पैसे देऊन मालकी मिळू शकते. तरीही लेखी करार करावाच. हक्क लेखी सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरला जातो, असे कलम १९ सांगते. आखाती देशांत आंबा पाठवणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी.

पेटीमागे किती पैसे

आता आकडे मांडून पाहू. हे आकडे केवळ गणित समजण्यासाठी गृहीत धरलेले आहेत. समजा, एका बागायतदाराने साठ्यातले चित्र २,००० रुपयांना घेतले आणि ५,००० पेट्यांवर छापले. पेटीमागे खर्च ४० पैसे. त्याच्याच शेजाऱ्याने मे महिन्यात छायाचित्रकाराला एका दिवसाचे १०,००० रुपये दिले आणि आंबा, कलम, आढी, पेंढा, पेटी अशी ४० छायाचित्रे काढून घेतली. ती त्याने तीन हंगाम वापरली, म्हणजे १५,००० पेट्यांवर. पेटीमागे खर्च सुमारे ६७ पैसे. वरचे २७ पैसे देऊन त्याने स्वतःच्या बागेचा आंबा, ३९ जादा चित्रे आणि बहुधा मालकीही मिळवली. पुढच्या वर्षीचे लेबल, पत्रक, संकेतस्थळ यांसाठी त्याला कोणाकडे जावे लागणार नाही.

म्हणजे बागायतदाराला पैशांहून जास्त अडते ते वेळापत्रकाचे. चित्राची गरज जानेवारीत आठवते आणि आंबा मेमध्ये असतो. आधीच्या हंगामात कॅमेरा लावला तर साठ्याची गरज निम्मी संपते. ज्याच्याकडे ५,००० नव्हे, १०० पेट्या आहेत, त्याच्यासाठी मात्र हे गणित उलटते: साठ्यातले चित्र पेटीमागे २० रुपये, छायाचित्रकार तीन हंगाम धरूनही ३३ रुपयांवर. लहान माणसाला दोन्ही परवडत नाही आणि म्हणून तोच शोधयंत्रातले चित्र उचलतो. परवान्याचे ओझे सगळ्यांत जड पडते ते त्याच्या खांद्यावर.

फुकट आणि यंत्रनिर्मित

फुकट चित्रांचे साठेही आज पुष्कळ आहेत. ‘अनस्प्लॅश’ २०१३ मध्ये निघाले आणि २०२१ मध्ये गेटीकडे गेले. ‘पिक्साबे’ आणि ‘पेक्सेल्स’ २०१९ मध्ये ‘कॅनव्हा’ने घेतले. फुकटाच्या दुकानांचे मालकही आता मोठ्या पेढ्याच आहेत. इथे चित्रातल्या माणसाच्या संमतीची हमी सहसा मिळत नाही. ‘विकिमीडिया कॉमन्स’वरची चित्रे मोफत असली तरी त्यांतल्या बऱ्याच चित्रांना छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख देण्याची अट असते, नाव गाळले तर परवाना मोडला.

मोकळ्या चित्रांचेही सौदे होतात. कॅरोल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकर्तीने आपली हजारो चित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसला लोकांसाठी देऊन टाकली. पुढे स्वतःचेच चित्र स्वतःच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल १२० डॉलर भरा, असे पत्र तिला आले. २०१६ मध्ये तिने गेटीविरुद्ध दावा लावला. त्याचा मुख्य भाग न्यायालयाने फेटाळला. सर्वांचे झालेले चित्र विकायला कोणाला बंदी नसते. म्हणून पैसे भरण्याआधी ते चित्र मोकळे तर नाही ना, हे पाहणे शहाणपणाचे.

अलीकडे संगणकाला वर्णन सांगून चित्र बनवून घेण्याची सोय झाली आहे. खर्च जवळपास शून्य. पण हे यंत्र ज्या चित्रांवर शिकले ती याच साठ्यांतली नि महाजालावरची. लाल गालांचा आंबा तिथे जास्त, म्हणून यंत्राचा हापूसही लाल गालांचा निघू शकतो. वर तो आंबा जगात कुठल्याच झाडाला लागलेला नसतो. खाद्यपदार्थाचे लेबल दिशाभूल करणारे नसावे असा नियम असताना, जे फळ नाहीच त्याचे चित्र पेटीवर लावणे कितपत योग्य, हा प्रश्न लवकरच विचारला जाईल.

रत्नागिरीचा स्वतःचा साठा

२०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना ते नाव वापरता येते. २०२२ मध्ये कोकणची कातळशिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. उक्षी, कशेळी, जांभरूण, बारसू ही नावे जगापुढे आली. नावाचे रक्षण करण्यासाठी आपण एवढे झटलो. रूपाची व्यवस्था मात्र परक्या साठ्यांवर सोपवून मोकळे झालो.

यावर उपाय अवघड नाही आणि महागही नाही. जुन्या छापखान्याच्या ठशांचा खण आठवावा: एकदा खर्च, गावातल्या सगळ्या कामांना उपयोग. आंबा उत्पादकांच्या एखाद्या संघाने शंभर सभासदांकडून प्रत्येकी ५०० रुपये घेतले तर ५०,००० रुपये जमतात. वरच्या दराने त्यात छायाचित्रकाराचे पाच दिवस बसतात: एक दिवस मोहोराचा, एक काढणीचा, एक आढीचा आणि पेटी भरण्याचा, उरलेले दोन कोकम, काजू, फणसासाठी. १०० पेट्यांच्या बागायतदाराला ते पहिल्याच वर्षी पेटीमागे ५ रुपये पडते. करारात चार ओळी हव्यात: हक्क संघाचे, वापर सर्व सभासदांना, मुदत आणि प्रदेश स्पष्ट, आणि चित्राखाली छायाचित्रकाराचे नाव. ज्यांचे चेहरे चित्रात येतील त्यांची सही आणि त्यांना थोडा मोबदला, हेही त्यातच यावे. कातळशिल्पे, किल्ले, नमन-खेळे, पालखी यांची चित्रे महाविद्यालये आणि वाचनालये कॉमन्ससारख्या मोकळ्या साठ्यात ठेवू शकतील. ‘रत्नागिरी’ असे लिहून जगात कोणीही शोधले तर त्याला रत्नागिरीच दिसावी, यासाठी एवढे पुरे आहे.

चित्र स्वस्त झाले ही वाईट गोष्ट नाही. तुटपुंज्या भांडवलावर नवे दुकान काढणाऱ्या मुलीला पहिले पत्रक छापता येते ते याच स्वस्ताईमुळे. पण आपल्या गावाचे चित्र काढण्याची मजुरी गावातल्या माणसाला परवडेनाशी झाली, तर ते चित्र कोणीच काढणार नाही आणि कितीही पैसे मोजले तरी साठ्यात ते सापडणार नाही. येत्या हंगामात पहिली पेटी भरताना एक चांगला आंबा बाजूला काढून छायाचित्रकाराला बोलावावे. पुढच्या जानेवारीत लेबलाचे काम निघेल तेव्हा तो खर्च वसूल झालेला असेल.